मुरलेल्या सिगारचा भाव

क्यूबाची राजधानी हवाना येथे सिगारचा मोठा उत्सव भरतो. उत्सवाच्या शेवटच्या रात्री सिगारांनी भरलेल्या काही शोभिवंत लाकडी पेट्या लिलावात निघतात. २०२४ सालच्या लिलावात 'कोहिबा' या नामांकित सिगारच्या एका पेटीला, जिला पेटीपेक्षा कपाटच म्हणावे, चाळीस लाख युरोंहून अधिक बोली लागली. या लिलावाचा पैसा क्यूबाच्या सरकारी आरोग्यसेवेला दिला जातो. ज्या मालाने तोंड आणि घसा बिघडतो, त्याच मालाच्या पैशातून दवाखान्यांना औषधे मिळतात. व्यापाराच्या दुनियेत अशा गमती पुष्कळ आहेत.

पण लिलावाची बोली म्हणजे बाजारभाव नव्हे. तिच्यात हौस असते, मिरवणे असते, दानही असते. व्यापारी माणसाने पाहावा असा सौदा निराळा आहे. लंडन, जिनिव्हा आणि हाँगकाँग येथील जुन्या दुकानांत पंचवीस सिगारांची एक साधी पेटी असते. तिच्यावर ना सोन्याचा पत्रा, ना कोणाची सही. तरीही ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असल्यामुळे त्याच नावाच्या आजच्या पेटीपेक्षा महाग विकली जाते. गिऱ्हाईक जादा पैसे मोजते ते वयासाठी. आता हे वय तपासायचे कसे?

आपल्याकडेही जुन्या मालाला भाव आहेच. जुना तांदूळ घेणारा मूठभर दाणे शिजवून पाहतो. अत्तर घेणारा मनगटावर एक थेंब लावतो आणि बाजारात दोन फेऱ्या मारून पुन्हा वास घेतो. सोने कसोटीवर घासले तरी सोने शिल्लक राहते. सिगारचे तसे नाही. तो पेटवल्याशिवाय कळत नाही आणि पेटवला की संपला. पंचविसातल्या एकाची राख झाल्यावर उरलेल्या चोवीसांविषयी जे कळते तो अंदाजच, कारण प्रत्येक सिगार निराळ्या वेळी हाताने वळलेला असतो. म्हणून या धंद्यात दोन विद्या लागतात. एक चव ओळखण्याची आणि दुसरी पेटी वाचण्याची. दोन्हींचा परिचय येथे करून देत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हा लेख सिगारची शिफारस नाही. सिगारचा धूर फुप्फुसात ओढत नाहीत, त्यामुळे त्याचा धोका नाही, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र ग्रंथ काढला. तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध त्यात दाखवला आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. सिगार 'मुरला' म्हणजे निर्धोक झाला, असे मुळीच नाही.

पान आधी मुरते

आपल्याकडे दक्षिणेत तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलचे चिरूट एके काळी साता समुद्रापार जात. चिरूट हा शब्दच मुळात तमिळ आहे. पण जुना ठेवून चढ्या भावाने विकण्याची परंपरा प्रामुख्याने हवानाच्या सिगारची. त्याचे मूळ क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात आहे. तेथील वुएल्ता अबाहो हा भाग आणि त्यातही सान लुईस व सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या आसपासची तांबडी वालुकामय जमीन तंबाखूसाठी सर्वांत मोलाची समजली जाते.

झाड एकच, पण पानांचे काम वेगवेगळे. खालच्या पानाला वोलादो म्हणतात. ते नीट जळते, आग धरून ठेवते. मधले सेको, ते वास देते. वरचे लिहेरो, ऊन जास्त खाल्लेले, जाड आणि तेलकट. त्यात ताकद असते. काही थोड्या झाडांच्या अगदी शेंड्याला दोन छोटी पाने येतात, त्यांना मेदिओ तिएम्पो म्हणतात. २०१० साली निघालेल्या कोहिबा बेहिके या महागड्या मालिकेत ती वापरली गेली. सिगारच्या बाहेरून गुंडाळायचे पान मात्र निराळ्या शेतात, पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ऊन गाळून पडते आणि पान पातळ, मऊ, कमी शिरांचे होते.

तोडलेली पाने लाकडी कोठारात टांगून वाळवतात. त्याला सुमारे पन्नास दिवस लागतात. मग त्यांच्या थप्प्या लावतात. दमट पानांची थप्पी आतून आपोआप तापते, पान आंबते आणि अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो. थप्पी फार तापली तर ती मोडून पुन्हा रचावी लागते. निपाणीच्या वखारीत तंबाखूचे पान चोळून वास घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. त्यानंतर पाने गठ्ठ्यांत बांधून ठेवून देतात. हलके पान सुमारे वर्षभरात तयार होते, लिहेरोला किमान दोन वर्षे लागतात. कोहिबाच्या सेको आणि लिहेरो पानांना तर आणखी एकदा, लाकडी पिंपांत आंबवतात. म्हणजे सिगार वळला जाण्याआधीच आतल्या पानाचे वय दोन-तीन वर्षांचे झालेले असते.

वळणाऱ्या कारागिराला तोर्सेदोर म्हणतात. त्याच्या हाती एक लाकडी फळी आणि अर्धगोल पाते. आतली पाने तो अखंड ठेवतो आणि प्रत्येक पान नळीसारखे दुमडतो, म्हणजे त्यातून हवा खेळते. सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार बायांच्या बोटांची सफाई पाहिली असेल त्याला या कामाची कल्पना येईल. फरक एवढाच की विडीला टेंभुर्णीचे पान लागते, सिगार बाहेरून आतून तंबाखूचाच. या कारखान्यांत १८६५ पासून एक सुंदर रिवाज आहे. कामगार वळत असताना एक वाचक उंच बैठकीवर बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. 'मोंतेक्रिस्तो' हे सिगारचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आले, ते याच वाचनाच्या ओढीतून असे सांगतात.

वळण्यात चूक झाली तर मात्र वर्षे काही कामाची नाहीत. पान गच्च भरले की धूर ओढला जात नाही आणि असा सिगार वीस वर्षे ठेवला तरी गच्चच राहतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्यूबाने उत्पादन वाढवण्याची घाई केली, तेव्हा असा माल बराच बाहेर पडला. त्यानंतर ओढ मोजणारी यंत्रे कारखान्यांत आली. म्हणून जाणकार गिऱ्हाईक १९९८ ते २००० च्या पेट्या घेताना जरा थबकते. जुने ते सोने ही म्हण तेथे उलटू शकते.

पेटीतली वर्षे

नुकता वळलेला सिगार दमट असतो. कारखान्यातच त्याला काही दिवस कपाटात ठेवून जादा ओल काढून टाकतात. पेटीत गेल्यावरही आत आंबण्याची क्रिया मंद गतीने चालू राहते. पहिल्या काही महिन्यांत अमोनियाचा वास नाकाला झोंबतो. या काळाला इंग्रजीत 'आजारपणाचा काळ' म्हणतात. हाँगकाँगचे संग्राहक मिन रॉन नी यांनी २००३ साली क्रांतीनंतरच्या हवाना सिगारांवर एक जाडजूड सचित्र कोश काढला. त्यात त्यांनी सिगारच्या वयाचे टप्पे पाडले आहेत. आधी हे आजारपण, मग पहिली परिपक्वता, मग तुरटपणा निवण्याची दुसरी आणि फार वर्षांनी येणारी तिसरी. आज या धंद्यातले लोक पुष्कळदा याच भाषेत बोलतात.

लोणच्याचे उदाहरण चपखल बसते. कैरीचे लोणचे पहिल्या आठवड्यात मीठ वेगळे, मोहरी वेगळी आणि कैरी वेगळी असे लागते. मुरल्यावर तिन्ही एक होतात. पण तेच लोणचे फार वर्षे ठेवले तर फोड मऊ पडते आणि चव विझते. सिगारचेही असेच आहे. पार्तागास किंवा बोलिवार यांसारखे दणकट सिगार वीस वर्षे सहज पेलतात, कारण त्यांच्यात झिजण्याइतका माल असतो. सौम्य, हलक्या मिश्रणाच्या सिगारजवळ मुळात वासच थोडा, तो उडाला की मागे कागद जाळल्यासारखी चव उरते. म्हणूनच कोणत्याही सिगारच्या वयाला सरसकट भाव देणे हा आमच्या मते कच्चा व्यापार आहे.

ठेवण्याची जागा फार महत्त्वाची. दमटपणा साधारण ६५ ते ७० टक्के आणि हवा थंड, १६ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपास, असे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. पेटीचे लाकूड 'सीडर' म्हणून ओळखले जाते, पण ते देवदार नव्हे. ते उष्ण कटिबंधातील, कडुलिंब आणि महोगनीच्या कुळातले झाड आहे. त्याचे लाकूड ओल धरून ठेवते आणि त्याचा मंद वास सिगारात उतरतो. तापमान चोवीस-पंचवीस अंशांच्या वर गेले की तंबाखूच्या पानातली भुंगेऱ्याची अंडी फुटतात. हा तिळाएवढा तपकिरी भुंगेरा हळद आणि सुंठीच्या व्यापाऱ्यांचाही जुना वैरी आहे. तो सिगारला सुईने टोचल्यासारखी भोके पाडतो आणि एका पेटीतून दुसरीत जातो. मुंबईच्या हवेत नुसत्या लाकडी कपाटात पेटी ठेवून ती दहा वर्षांनी विकण्याचे मनसुबे कोणी करीत असेल, तर त्याने आधी या किड्याचा विचार करावा.

आणखी एक गैरसमज. जुन्या सिगारवर कधी कधी पांढरी भुकटी दिसते. विक्रेते तिला 'फुलोरा' म्हणतात. पानातले तेल स्फटिक होऊन बाहेर आले, मुरल्याची ही खूण, असे समजावतात. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. पुसून गेली आणि आत शिरली नसेल तर सिगार वाया जात नाही, पण त्या भुकटीसाठी एक पैसाही जादा देऊ नये.

चव कशी घेतात

चव घेणारा सिगार आधी हातात घेतो. बोटांत हलकेच दाबतो. कोरडा असेल तर करकरतो, फार ओला असेल तर फुगीर लागतो. चांगल्या जुन्या सिगारला थोडी लवचिक दाद असते आणि वरचे पान तेलाचा हात फिरवल्यासारखे मंद चमकते. टोपीचा वरचा पातळ भाग कापायचा, शिवणरेषेच्या वरच, नाहीतर वरचे पान सुटत जाते. मग न पेटवताच एकदा ओढून पाहायचे. या कोरड्या ओढीतच अर्धे कळते. वाळलेल्या गवताचा, कोकोचा किंवा जुन्या लाकडाचा वास आला तर ठीक. गोठ्यातल्या ओल्या जमिनीसारखा झोंबला तर माल अजून कच्चा आहे. काहीच वास आला नाही, तर सावध व्हावे.

पेटवण्याची घाई करीत नाहीत. ज्योत सिगारला टेकवायची नाही. ती खाली धरून टोक फिरवत आधी शेकायचे, मग पेटवायचे. काडीच्या गंधकाचा वास उडून जाऊ द्यावा लागतो. पेट्रोलचा लायटर तर वर्ज्यच, कारण तो वास पहिल्या दहा मिनिटांची चव खातो. नंतर साधारण मिनिटाला एक झुरका, त्याहून भरभर नाही. भरभर ओढले की आग तापते आणि उत्तम पानही कडू होते. धूर तोंडात फिरवतात, आत ओढत नाहीत. थोडासा नाकावाटे सोडतात, कारण जिभेला गोड-आंबट-खारट-कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सारे नाकाचे काम. बाजूला साधे पाणी किंवा बिनसाखरेची काळी कॉफी असते.

क्यूबात सिगारच्या तीन हिश्शांना तीन जुनी नावे आहेत. पहिला तिसरा हिस्सा 'गवत', मधला 'दैवी' आणि शेवटचा 'शेण'. नावे गावरान आहेत, पण नेमकी आहेत. पहिल्या हिश्शात पान अजून तापायचे असते, म्हणून चव साधी. मध्यावर सगळी पाने एकत्र बोलू लागतात. शेवटी धूर आधीच्या जळक्या अवशेषांतून येतो, डांबर आणि निकोटीन साठलेले असते, चव जड आणि उग्र होते. पारखी माणूस नेमका या शेवटच्या हिश्शाकडे लक्ष देतो. कोवळा सिगार येथे जीभ जाळतो, तोंड कच्ची सुपारी चावल्यासारखे तुरट करतो. मुरलेला येथेही सहन होतो. निकोटीन आणि तुरट द्रव्ये वर्षांबरोबर सौम्य झालेली असतात आणि त्यांच्या आड दडलेले मध, खजूर, भाजलेली कॉफी, जुने चामडे, जायफळ असे वास पुढे येतात.

येथे थोडे थांबायला हवे. सिगारच्या नियतकालिकांत एकेका सिगारमागे दहा-बारा वासांची यादी छापलेली असते. ती वाचून नवखा माणूस बिचकतो आणि आपल्या नाकात दोष आहे असे समजतो. तसे काही नाही. नाव सुचणे वेगळे आणि पारख वेगळी. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्या बुजुर्गांना वासांची इंग्रजी नावे येत नाहीत, पण भेसळ क्षणात कळते. जुन्या सिगारची चव घेताना प्रश्न तीनच आहेत. अमोनिया गेला का? ताकद गेली तरी वास शिल्लक आहे का? आणि पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत चवीत काही बदल होतो का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, सुरुवातीपासून अखेरपर्यंत तीच एक गोडसर, पातळ चव असेल, तर तो सिगार म्हातारा झाला आहे. पहिली दोन उत्तरे चांगली असूनही त्याला जादा भाव नको.

नावाचा प्रभाव चवीवर पडतो, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणून १९९२ साली निघालेल्या 'सिगार अफिशिओनाडो' या अमेरिकन मासिकात सिगारवरची कागदी पट्टी काढून, नाव झाकून गुण दिले जातात. व्यापाऱ्याने नमुना पाहताना हीच रीत ठेवावी. सोबत त्याच नावाचा एक ताजा सिगारही पेटवावा. जुन्याचे मोल ताज्याशेजारीच कळते.

पेटी वाचावी लागते

चवीने फार तर माल चांगला की वाईट ते कळेल, साल कळणार नाही. आणि जादा पैसे तर सालाचे आहेत. बनावटगिरी येथेच शिरते. ताजा माल जुन्या पेटीत भरायचा, किंवा पेटीच बनवायची. सुदैवाने हवानाच्या पेटीच्या तळाशी डागलेले शब्द काळाबरोबर बदलत गेले आणि त्यांचा इतिहास नोंदलेला आहे.

क्यूबात क्रांती होऊन १९६० साली सिगारचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. त्याआधीच्या पेट्यांवर इंग्रजी मजकूर असे, 'मेड इन हवाना, क्यूबा'. त्यानंतर स्पॅनिश 'एचो एन क्यूबा' आले. १९८९ पासून 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे संपूर्ण हाताने वळलेले, हे शब्द वाढले. १९९४ साली विक्रीची नवी कंपनी 'आबानोस' निघाली आणि 'क्युबातबाको'च्या जागी तिचे नाव डागले जाऊ लागले. आता समजा, कोणी १९८६ ची पेटी म्हणून दाखवत आहे आणि तळाशी आबानोसचा डाग आहे. मग सिगार पेटवण्याची गरजच नाही. पेटी परत करावी.

१९८५ पासून कारखाना आणि तारीख सांकेतिक अक्षरांत छापू लागले. या संकेताची किल्ली दहा अक्षरांची : एन, आय, व्ही, ई, एल, ए, सी, यू, एस, ओ. पहिले अक्षर १, दुसरे २, असे करीत शेवटचे ओ म्हणजे शून्य. तेव्हा 'ओएएससी' याचा अर्थ ०६९७, म्हणजे जून १९९७. आपल्याकडचे कापड व्यापारी खरेदीची किंमत चिठ्ठीवर अक्षरांत लिहून ठेवत, तीच युक्ती! २००० च्या सुमारास लपवाछपवी सोडून महिना आणि साल उघड छापणे सुरू झाले. 'एने' म्हणजे एनेरो, जानेवारी.

पेटीवर हिरवी सरकारी हमीपट्टीही असते. तिची परंपरा १९१२ सालापर्यंत मागे जाते. २०१० च्या सुमारास तिच्यावर होलोग्राम आणि बारकोड आले. पण सगळे कागद खरे असूनही पेटी कोणत्या हवेत राहिली ते कागद सांगत नाहीत. म्हणून लंडनच्या सेंट जेम्स भागातल्या जुन्या दुकानांना मान आहे. इंग्रज गिऱ्हाईक मुळातच मुरलेला सिगार मागणारे. ती दुकाने माल घेऊन स्वतःच्या तळघरात वर्षानुवर्षे ठेवीत आणि गिऱ्हाइकांच्या पेट्याही सांभाळीत. आजही लिलावाच्या यादीत पेटी पहिल्यापासून कोठे होती याचा उल्लेख असेल तर बोली चढते. नावापेक्षा पत्त्याला किंमत येते, असा हा बाजार आहे.

वर्षांचा खर्च

नवखे लोक जुन्या पेटीचा भाव पाहून हुरळतात. त्यांनी साधा हिशेब करावा. शंभर रुपयांची पेटी घेतली. तेच भांडवल दुसऱ्या धंद्यात दरसाल आठ टक्के नफा देत असते, तर दहा वर्षांत शंभराचे २१६ झाले असते. म्हणजे पेटी २१६ ला विकली तरी हाती काही आले नाही. वर थंड खोलीचे वीजबिल, विमा, भुंगेऱ्याने खाल्लेल्या पेट्या आणि नमुना म्हणून जाळलेले सिगार वेगळेच. बहुतेक साध्या पेट्या हा खर्च भरून काढीत नाहीत. भाव चढतो तो दुर्मिळतेने. १९८० साली निळ्या बुरशीच्या रोगाने क्यूबातले तंबाखूचे पीक जवळजवळ सारेच बुडाले, त्यामुळे त्या सुमाराचा माल थोडा. जिनिव्हाच्या झिनो डेव्हिडॉफ यांचे सिगार १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हवानात बनत. दर्जावरून क्यूबाशी बिनसल्यावर १९८९ साली त्यांनी एक लाखाहून अधिक सिगार जाळून टाकले आणि पुढे आपला कारभार डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेला. क्यूबात बनलेले डेव्हिडॉफ त्यानंतर पुन्हा निघालेच नाहीत. जे उरले त्यांना भाव आला.

राजकारणानेही भाव घडवला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाशी व्यापारबंदीच्या हुकमावर सही केली. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले सचिव पिअर सॅलिंजर यांना स्वतःसाठी सिगार जमवायला पाठवले आणि सॅलिंजर बाराशे सिगार घेऊन आले, ही हकीकत खुद्द सॅलिंजर यांनी सांगितली आहे. बंदीपूर्वीचा माल अमेरिकेत कायदेशीर राहिला, म्हणून त्याची किंमत तेथे निराळी. ओबामांच्या काळात प्रवाशांना थोडी सवलत मिळाली होती, ती सप्टेंबर २०२० मध्ये काढून घेतली गेली.

अमेरिकेनेच या धंद्याला एक धडाही दिला. १९९० च्या दशकात तेथे सिगारची लाट आली. १९९७ साली हाताने वळलेल्या सिगारांची आयात चाळीस कोटींच्या वर गेली. रातोरात नवी नावे निघाली. पान आंबवायला, ठेवायला वेळ कोणाला? कच्चा माल देखण्या पेटीत भरला गेला. वर्षभरात गिऱ्हाईक पाठ फिरवून गेले आणि गोदामे भरलेली राहिली.

आज वारे पूर्वेकडे वाहते. आबानोस कंपनीची विक्री २०२४ साली सुमारे ८२ कोटी ७० लाख डॉलर होती आणि सर्वांत मोठी बाजारपेठ चीनची. २०२२ साली कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद यांचे दर जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेले. त्यामुळे युरोपात या नावांच्या नव्या पेट्या एकदम महाग झाल्या आणि आधी घेऊन ठेवलेल्या साठ्याचा भाव काही न करता वाढला. या वाढीत मुरण्याचा वाटा किती आणि टंचाईचा किती, हे गिऱ्हाइकाने स्वतःला विचारायचे आहे. आमचे मत विचाराल तर अलीकडच्या भावात टंचाईच जास्त आहे.

या साऱ्यात पान पिकवणाऱ्याच्या हाती काय येते? क्यूबात शेतकरी आपला तंबाखू सरकारला ठरलेल्या दराने देतो. दर्जाप्रमाणे पैसे एकदाच मिळतात. पुढे पंधरा वर्षांत पेटीचा भाव चौपट झाला तरी तो फायदा पेटी धरून बसलेल्या परदेशी माणसाचा, शेतकऱ्याचा किंवा वळणाऱ्याचा नव्हे. क्यूबाच्या सरकारला हे उशिरा का होईना उमगले असावे. २०१५ पासून 'आन्येहादोस' नावाने काही पेट्या बाजारात आल्या. हे सिगार वळून झाल्यावर क्यूबातच पाच ते आठ वर्षे ठेवून मग विकले जातात आणि तळाशी दोन तारखा असतात, एक पेटी भरल्याची आणि दुसरी पुन्हा तपासल्याची. मात्र ठेवायला आधी माल हवा. २७ सप्टेंबर २०२२ रोजी इयान चक्रीवादळ पिनार देल रिओवर आदळले आणि पाने वाळवण्याची हजारो लाकडी कोठारे एका दिवसात आडवी झाली. कोठारे पुन्हा उभी करायला लाकूड, खिळे आणि पत्रे लागतात. देशात इंधन आणि विजेचीही टंचाई आहे. जगभरचे दुकानदार ताज्या पेट्यांसाठीच रांगेत उभे असताना त्यांतल्या किती पेट्या आठ वर्षे कुलपात ठेवायच्या, हा हिशेब आता हवानालाच करायचा आहे.